व्यापारात कुस्ती, हवामानात हातमिळवणी: अमेरिका, चीन आणि बाकीचे आपण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्याख्यान संपल्यावर चिठ्ठ्या येतात, एरवी व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. अमेरिका आणि चीनचं एकमेकांशी पटत नाही. मग हवामानाच्या प्रश्नावर एकत्र बसतातच कशाला?

जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ३० टक्के चीन सोडतो आणि साधारण १३ टक्के अमेरिका. या दोघांनी काही केलं नाही, तर बाकीच्यांनी कितीही काटकसर केली तरी आकडा हलत नाही. हे झालं पुस्तकी उत्तर.

खरं कारण घरातलं आहे. २०१३ च्या आसपास बीजिंगच्या धुरक्याने लोक हैराण झाले होते आणि कोळसा कमी करणं ही चिनी सरकारचीच गरज बनली होती. ओबामांची अडचण वेगळी होती. 'चीन काही करत नाही, मग आपणच का करायचं?' हा विरोधकांचा हुकमी सवाल त्यांना निकालात काढायचा होता. दोघांनाही एकमेकांचं नाव आपापल्या घरी वापरायचं होतं. मैत्री झाली म्हणून हात मिळाले, असं एकदाही घडलेलं नाही.

२. 'ऐतिहासिक करार' अशी बातमी येते, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

बहुतेक वेळा करार झालेलाच नसतो, संयुक्त निवेदन निघालेलं असतं. १२ नोव्हेंबर २०१४ ला बीजिंगमध्ये ओबामा आणि शी जिनपिंग यांनी जे जाहीर केलं, त्यात दोघांनी आपापली उद्दिष्टं शेजारी शेजारी मांडली. अमेरिका २०२५ पर्यंत उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २६ ते २८ टक्के घटवणार होती. चीनचं उत्सर्जन २०३० च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागणार होतं. एकाने दुसऱ्याला काहीही देणं लागत नव्हतं आणि मोडल्यास दंडही नव्हता.

असल्या कागदाला काय अर्थ, असं वाटेल. पण त्या आधीची १७ वर्षं आठवा. १९९७ च्या जुलैमध्ये अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर आम्हीही बंधन मानणार नाही. उत्सर्जन घटवण्यासाठी त्याच वर्षी झालेल्या क्योटो या जागतिक करारात चीन आणि भारतावर बंधन नव्हतं, त्यामुळे अमेरिकेने तो कधी मंजूर केलाच नाही. २०१४ च्या निवेदनाने ही कोंडी फोडली आणि २०१५ चा पॅरिस करार शक्य झाला. कागद कच्चाच होता, पण त्याची वेळ अचूक होती.

३. ही बोलणी कधी जुळली, कधी तुटली, ते क्रमाने सांगाल का?

जून २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीलँड्स इथे दोन्ही अध्यक्ष भेटले आणि एसी-फ्रीजमधले, तापमान वाढवणारे एचएफसी वायू कमी करण्यावर एकमत झालं. नोव्हेंबर २०१४ चं निवेदन वर आलंच. ३ सप्टेंबर २०१६ ला हांगझोमध्ये दोघांनी मिळून पॅरिस कराराची मंजुरीपत्रं संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हाती दिली. त्यानंतर महिन्याभरात, २ ऑक्टोबरला, भारतानेही मंजुरी दिली आणि करार ४ नोव्हेंबरला लागू झाला.

१ जून २०१७ ला ट्रम्प यांनी पॅरिस करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडन परत आत आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत दोघांचा संयुक्त जाहीरनामा निघाला. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पलोसी तैवानला गेल्या आणि तीनच दिवसांत चीनने हवामानाची बोलणी थांबवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बालीत बायडन-शी भेटीनंतर ती पुन्हा सुरू झाली, आणि वर्षभराने पुन्हा 'सनीलँड्स' नावाचंच निवेदन आलं. त्यात अपारंपरिक ऊर्जेची जगातली क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करण्याचा मुद्दा होता. महिन्याभराने दुबईच्या परिषदेत सगळ्या देशांनी तो उचलला. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली.

यातल्या बऱ्याच काळात दोन माणसं टिकून होती, अमेरिकेचे जॉन केरी आणि चीनचे शिए झेनहुआ, दोघेही पुढे आपापल्या देशाचे हवामान दूत. त्यांची जुनी ओळख होती. सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती तेव्हाही ही वाट पूर्ण बुजली नाही, याचं बरंचसं श्रेय या ओळखीला आहे. २०२४ च्या सुरुवातीला दोघेही पदावरून गेले. माझ्या मते हे नुकसान फारसं कुणी मोजलेलंच नाही.

४. हवामान एका बाजूला ठेवून बाकी भांडणं चालू ठेवता येतात का?

अमेरिकेची इच्छा तीच होती. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांनी केरींना सुनावलं, त्याचा आशय असा की हवामान सहकार्य हे हिरवळीचं बेट म्हणून जपायचं म्हणता, पण भोवती सगळं वाळवंटच असेल तर ते बेटही आज ना उद्या वाळूखाली जाणार. पुढच्या वर्षी तैवानवरून (प्रश्न ३) त्यांनी ते करूनही दाखवलं.

म्हणजे वेगळं ठेवता येत नाही का? वरच्या पातळीवर नाही. अध्यक्षांच्या भेटीगाठी राजकारणाच्या वाऱ्यावरच हलतात. खालच्या पातळीवर, तांत्रिक कामात, बऱ्यापैकी येतं. त्याचा सगळ्यात जुना पुरावा पुढच्या उत्तरात आहे.

५. शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने असं काही केलं होतं?

केलं होतं, आणि आजच्यापेक्षा मन लावून. मे १९७२ मध्ये निक्सन मॉस्कोला गेले तेव्हा अण्वस्त्रांच्या करारांबरोबर पर्यावरण सहकार्याच्या करारावरही सही झाली. त्यातला एक गट हवामानावर काम करत होता. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालूच होतं.

पण मला सगळ्यात आवडतं ते व्होस्तोकचं उदाहरण. अंटार्क्टिकाच्या मध्यावर असलेल्या या सोव्हिएत तळावर रशियनांनी दोन किलोमीटरहून खोल बर्फ पोखरला. बर्फाचे ते नळकांडे तपासायला फ्रेंच प्रयोगशाळेत गेले, आणि तिथवर नेण्यासाठी अमेरिकेची विमानं वापरली गेली. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले. दीड लाखाहून जास्त वर्षांत तापमान आणि कार्बन डायऑक्साइड हातात हात घालून वर-खाली झाल्याचं त्यातून दिसलं. आज शाळेच्या पुस्तकात दिसणारा तो करवतीच्या दात्यांसारखा आलेख एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या देशांच्या विमानांतून आणि ड्रिलमधून आलेला आहे.

६. ओझोनचा करार यशस्वी झाला, हवामानाचा रखडला. फरक कशात आहे?

इथे जरा थांबतो, कारण व्यापार आणि पर्यावरण यांची गाठ सगळ्यात नीट इथेच बसली आहे.

ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही त्यात होते. या करारात एक कलम घातलं गेलं: जो देश सही करणार नाही, त्याच्याशी सीएफसी वायूंचा (ओझोन खाणारे हेच) व्यापार बंद. म्हणजे बाहेर राहून स्वस्त माल विकण्याची सोयच उरली नाही. बाहेर राहणं हा तोट्याचा धंदा ठरला आणि देश एकेक करून आत आले.

गरीब देशांचं काय? भारत आणि चीन सुरुवातीला बाहेरच होते. 'वायू तुम्ही सोडले, कारखाने बदलण्याचा खर्च आम्ही का करायचा?' हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. अशा देशांना जादा मुदत मूळ करारातच होती, मग १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत निधी उभारायचंही ठरलं. चीन १९९१ मध्ये आला, भारत १९९२ मध्ये. आज जगातला प्रत्येक देश या करारात आहे.

पॅरिस करारात यातलं काय आहे? आकडे स्वेच्छेचे, न पाळल्यास दंड नाही, आणि बाहेर पडणाऱ्याशी व्यापार तोडण्याचं कलम नाही. बचावासाठी एवढं सांगायला हवं की सीएफसी मोजक्याच कंपन्या बनवत होत्या, तर कार्बन प्रत्येक चुलीतून निघतो. तुलना पूर्ण बरोबरीची नाही. तरीही व्यापाराचा दट्ट्या आणि निधीचा आधार एकत्र आले की कट्टर विरोधकही नांदतात, हे इथे सिद्ध झालं आहे.

७. समजा करार केला आणि चीनने (किंवा कुणीही) गुपचूप चोरी केली, तर कळणार कसं?

कळतं. २०१८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की सीएफसी-११ हा बंदी असलेला वायू हवेतून जेवढ्या वेगाने कमी व्हायला हवा तेवढा होत नाही. कुणीतरी तो नव्याने बनवत होतं. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांवरच्या नोंदींवरून पुढच्या वर्षी माग लागला: पूर्व चीन, विशेषतः शानदोंग आणि हेबेई प्रांत. इमारतींच्या फोमसाठी तो वापरला जात होता. चीनने धाडी घातल्या आणि २०२१ पर्यंतच्या मोजमापात पातळी पुन्हा उतरलेली दिसली.

कुणी युद्धाची भाषा केली नाही, आयात शुल्क लावलं नाही. मोजणारी यंत्रं होती, आकडे सगळ्यांसमोर होते आणि करारात चर्चेची ठरलेली जागा होती. मिथेनच्या बाबतीत आता उपग्रहांमुळे असंच काहीसं शक्य होतंय.

८. सौर पॅनेल इतके स्वस्त झाले, ते देशांच्या सहकार्यामुळे की भांडणामुळे?

दोन्हींमुळे, पण ठरवून काहीच झालं नाही.

सिलिकॉनचा सौर घट १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बनला. पुढे २००० मध्ये जर्मनीने कायदा केला की छतावरची वीज चढ्या, हमीच्या दराने विकत घेतली जाईल. जर्मन ग्राहकाच्या वीजबिलातून जगाची बाजारपेठ उभी राहिली. ही मागणी पुरवली चिनी कारखान्यांनी. शी झेंगरोंग ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली पीएचडी करून चीनला परतले आणि २००१ मध्ये वूशी शहरात त्यांनी सनटेक काढली. यंत्रं बरीचशी युरोप-अमेरिकेतून आली, कर्ज चिनी बँकांनी दिलं, जमीन स्थानिक सरकारांनी.

मग भांडण सुरू झालं. २०१२ मध्ये अमेरिकेने चिनी सौर घटांवर शुल्क लावलं. चीनने २०१४ मध्ये अमेरिकी पॉलिसिलिकॉनवर उलट शुल्क लावलं आणि तो कच्चा माल घरातच बनवायला घेतला. दोन्ही बाजूंनी अनुदानं ओतली. कंपन्या बुडाल्या, सनटेकची मुख्य कंपनीही २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. पण २०१० ते २०२० या दहा वर्षांत पॅनेलची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे.

मराठवाड्यातल्या शिवारात आज जो सौरपंप पाणी उपसतोय, त्याच्या किमतीत जर्मन वीजग्राहक, चिनी बँक आणि ऑस्ट्रेलियन विद्यापीठ या तिघांचाही वाटा आहे. कुठल्याही परिषदेत हे ठरलेलं नव्हतं.

९. माल स्वस्त आणि हवेला चांगला, मग सगळे चिनी पॅनेलवर आणि गाड्यांवर कर का लावतात?

कारण कारखाना बंद पडला की मतदार चिडतो, आणि तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तर तो तेवढ्याच तातडीने चिडत नाही. बायडन सरकारने मे २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवरचं शुल्क १०० टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळच्या १० टक्क्यांवर आणखी ३५.३ टक्क्यांपर्यंत शुल्क चढवलं. आपणही मागे नाही. भारताने एप्रिल २०२२ पासून परदेशी सौर मोड्यूलवर (म्हणजे पॅनेलवर) ४० आणि सेलवर (घटांवर) २५ टक्के शुल्क लावलं होतं.

यात निव्वळ ढोंग आहे असं मी म्हणणार नाही. सगळी भिस्त एकाच देशावर ठेवणं धोक्याचं आहे, याचा अनुभव आपण घेतला (प्रश्न १४). चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तीच्या मजुरीचा प्रश्नही खरा आहे, अमेरिकेचा त्यासंबंधीचा कायदा जून २०२२ पासून लागू झाला. पण मग 'हवामान ही आणीबाणी आहे' हे वाक्य त्याच तोंडाने म्हणताना जरा जपून म्हणावं.

१०. पर्यावरणाचं कारण सांगून एखादा देश दुसऱ्याचा माल अडवू शकतो का?

शकतो, पण अटी आहेत. आणि या अटी ठरल्या त्या एका खटल्यात, ज्यात भारत वादी होता.

अमेरिकेने १९८९ च्या कायद्याने ठरवलं की कासवं सुटून जातील अशी जाळी न वापरता पकडलेली कोळंबी घ्यायची नाही. भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेले. भारत आणि पाकिस्तान एका बाजूने लढले, हेही लक्षात घ्या. १९९८ मध्ये अपील मंडळाने निकाल दिला: कासवं वाचवणं हे वैध कारण आहे, पण अमेरिकेने कॅरिबियन भागातल्या देशांना जास्त मुदत आणि मदत दिली, आशियातल्यांना दिली नाही. हा भेदभाव चालणार नाही. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली आणि बंदी टिकली.

आपल्याकडे याचा धागा थेट आहे. समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीवर अमेरिकेची बंदी २०१९ पासून आहे. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ती लागू नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला आपण गर्दी करतो, आणि त्याच किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवाल्याला विचारा, कासवाच्या जाळीतून कोळंबीही निसटते अशी त्याची तक्रार असते. दोघांचंही खरं आहे.

११. युरोपचा तो कार्बनवरचा सीमाशुल्काचा प्रकार काय आहे? तो सहकार्य मोडतो की वाढवतो?

त्याचं नाव सीबॅम. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज या वस्तू युरोपात आणताना त्या बनवताना किती कार्बन निघाला, त्याचे पैसे भरायचे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून खरी आकारणी सुरू झाली. वाद असा की गरीब देशाच्या मालावर श्रीमंत देश कर लावतोय, मग 'समान पण वेगवेगळी जबाबदारी' हे १९९२ च्या हवामान कराराचं तत्त्व कुठे गेलं? भारत आणि चीन दोघेही याविरुद्ध बोलत आले आहेत.

एक पोटनियम मात्र गमतीचा आहे. तुमच्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर ती वजा होते. पैसे कुणाला तरी जाणारच असतील तर ब्रुसेल्सऐवजी आपल्याच तिजोरीत का नकोत? चीनने २०२१ मध्ये वीजनिर्मितीपुरता सुरू केलेला कार्बन बाजार २०२५ मध्ये पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियमपर्यंत वाढवला. भारताची कार्बन क्रेडिट योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. शिव्या देत देत सगळे एकाच दिशेला सरकताहेत. याला सहकार्य म्हणावं का? मी म्हणेन. प्रेमाचं नाही, एवढंच.

१२. भारत आणि चीन सीमेवर भांडतात, पण हवामान परिषदेत एकाच बाजूला का बसतात?

हे नातं जुनं आहे. २१ ऑक्टोबर २००९ ला दिल्लीत भारताचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि शिए झेनहुआ (होय, तेच, प्रश्न ३ मधले) यांनी पाच वर्षांच्या सहकार्य करारावर सह्या केल्या. दोन महिन्यांनी कोपनहेगनमध्ये हवामान परिषद फसत आली होती. चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ, मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झुमा एका खोलीत बोलत बसले होते आणि ओबामा वेन यांना भेटायला म्हणून तिथे आले. मसुदा त्या खोलीतच ठरला. युरोपीय नेते बाहेर राहिले.

एकत्र येण्याचं कारण सरळ होतं: दोघांनाही बंधनकारक कपात नको होती. २०१५ च्या मे महिन्यात पंतप्रधान मोदींच्या चीन दौऱ्यात हवामानावर वेगळं संयुक्त निवेदनही निघालं. गलवानच्या घटनेनंतर, म्हणजे २०२० पासून, दोन देशांमधला थेट संवाद आटला, पण भारत, चीन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या चौघांच्या गटात एकत्र बसणं चालूच राहिलं. बाकू (२०२४) आणि बेलेमच्या (२०२५) हवामान परिषदांत एकतर्फी व्यापार निर्बंधांचा मुद्दा (प्रश्न ११) याच गटाने लावून धरला.

माझं मत विचाराल तर या जोडीचा भारताला आता पूर्वीइतका फायदा नाही. चीनचं दरडोई उत्सर्जन ८ टनांच्या वर, आपलं २ टनांच्या आसपास. एकाच छत्रीखाली उभं राहिलं की पावसाचं माप सारखंच धरलं जातं.

१३. ग्लासगोत कोळशाबद्दलचा शब्द भारताने बदलला ना? मग खलनायक आपणच?

सभागृहात शब्द आपले पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी वाचला, हे खरं. १३ नोव्हेंबर २०२१ ला कोळसा 'हद्दपार' करण्याऐवजी 'हळूहळू कमी' करणं असा बदल झाला. जगभरच्या मथळ्यांत भारत आला. पण तीनच दिवस आधी निघालेल्या अमेरिका-चीन जाहीरनाम्यात चीनच्या कोळशासाठी हाच 'कमी करणं' हा शब्द होता. दोन मोठ्यांनी आपसात जे आधीच मान्य केलं होतं, ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणण्याची पाळी आपल्यावर आली. तेल आणि वायूचं नावही त्या वाक्यात का नव्हतं, हा प्रश्न त्या मथळ्यांत कुणी विचारला नाही.

१४. चीनने चुंबकं अडवली तेव्हा पुण्यातल्या कारखान्यांचं काय झालं? त्याचा हवामानाशी संबंध काय?

विजेच्या दुचाकीची मोटर आणि पवनचक्कीचा जनित्र या दोन्हींना दुर्मिळ मूलद्रव्यांची चुंबकं लागतात. त्यांच्या शुद्धीकरणावर चीनची जवळपास मक्तेदारी आहे. ट्रम्प यांच्या शुल्कवाढीला उत्तर म्हणून ४ एप्रिल २०२५ ला चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. भांडण अमेरिकेशी होतं, पण परवाने आपलेही अडकले आणि पुण्याच्या वाहन उद्योगाने उत्पादन घटण्याचा इशारा दिला. ३० ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्प आणि शी दक्षिण कोरियात बुसानला भेटले, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेले आणखी कडक निर्बंध वर्षभरासाठी स्थगित झाले. एप्रिलची परवान्याची चौकट त्यात उठली नाही.

१५. व्यापारातून हवामानाला मदत करायचा सरळ करार का होत नाही? हिरव्या वस्तूंवरचा कर सगळ्यांनी काढून टाकला तर?

प्रयत्न झाला. २०१४ पासून जिनिव्हात अमेरिका, युरोपीय संघ, चीन, जपान वगैरे मंडळी पर्यावरणपूरक वस्तूंवरचं शुल्क शून्यावर आणण्यासाठी बसली. भारत त्यात नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये बोलणी कोसळली. अडलं कशावर? इतर गोष्टींबरोबर सायकलीवर. चीनला सायकल यादीत हवी होती, युरोपला आपले सायकल कारखाने वाचवायचे होते. जगातलं सगळ्यात कमी प्रदूषण करणारं वाहन पर्यावरणपूरक आहे की नाही, यावर मतभेद झाले!

१६. जगातला सगळ्यात मोठा प्रदूषक चीन अजून 'विकसनशील' कसा?

१९९२ च्या हवामान कराराच्या चौकटीत देश विकसित आणि विकसनशील अशा ज्या दोन गटांत विभागले, ते पुढे जवळपास बदललेच नाहीत. त्या दिवशी चीन गरीब होता. साठलेल्या प्रदूषणाचा हिशेब केला तर अमेरिकेचा वाटा आजही सगळ्यात मोठा, सुमारे पाव. चीन हे आकडे दाखवतो, अमेरिका आजचे आकडे दाखवते. बाकूत २०२४ मध्ये निधीचा आकडा वर्षाला ३०० अब्ज डॉलर ठरला, त्यात चीनने पैसे द्यावेत असं बंधन घालता आलं नाही, स्वेच्छेने द्यायला हरकत नाही एवढंच लिहिलं गेलं.

१७. अमेरिका बाहेर पडल्यावर युरोप आणि चीन एकत्र आले का?

थोडेसे. २४ जुलै २०२५ ला बीजिंगच्या शिखर परिषदेत दोघांनी हवामानावर संयुक्त निवेदन काढलं. त्याच परिषदेत विजेच्या गाड्या (प्रश्न ९) आणि दुर्मिळ मूलद्रव्यांवरून (प्रश्न १४) कुरबुरी चालूच होत्या. सप्टेंबरमध्ये चीनने आपलं उत्सर्जन शिखरापेक्षा २०३५ पर्यंत ७ ते १० टक्के घटवण्याचं जाहीर केलं. युरोपला ते कमी वाटलं.

१८. शेवटचा, घरगुती प्रश्न. यातलं माझ्या घरापर्यंत काय पोचलंय?

तुमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचा. आर-२२ लिहिलं असेल तर मशीन जुनं, ओझोनच्या कराराने (प्रश्न ६) ज्याला निरोप दिला त्या पिढीतलं. आर-४१०ए किंवा आर-३२ असेल तर तो एचएफसी, ओझोनला निरुपद्रवी पण तापमान वाढवणारा. त्यातही आर-३२ चा ताप आर-४१०ए च्या जवळपास एक तृतीयांश. सनीलँड्सला २०१३ मध्ये दोन अध्यक्षांनी ज्याबद्दल बोलणं केलं, ते हेच वायू. ते बोलणं १५ ऑक्टोबर २०१६ ला रवांडाची राजधानी किगालीत सगळ्या जगाचा करार झालं. ट्रम्प आले, व्यापारयुद्ध पेटलं, तरी २०२१ मध्ये चीन आणि भारताने तो मंजूर केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकी सिनेटनेही, ६९ विरुद्ध २७ मतांनी. चीनचा वापर २०२४ पासून गोठवायचा होता, आपला २०२८ पासून. आपली पहिली १० टक्के कपात २०३२ मध्ये, ८५ टक्के २०४७ पर्यंत.

तेव्हा गॅस भरायला येणाऱ्या मेकॅनिकने जुना गॅस सरळ हवेत सोडायला घेतला, तर त्याला थांबवा आणि सिलिंडरमध्ये परत घ्यायला सांगा. 'कोण एवढं करतं, साहेब?' असं तो म्हणेल. मलाही म्हणाला होता.